वारुळावरची अळंबी : एका ओळखीचा इतिहास

वैशाखाच्या उन्हात श्रावणातल्या भाजीची कथा सांगायला उभे राहणे हे वेळ चुकवून दारी आलेल्या पाहुण्यासारखे आहे, याची आम्हांला जाणीव आहे. वसंतातल्या व्याख्यानमालेला काव्य शोभते, नाट्य शोभते, निदान पेशवाईतला एखादा प्रसंग तरी शोभतो. आम्ही मात्र अळंबीचा विषय निवडला आहे. आणि तोही पाककृतीचा म्हणून नव्हे, तर इतिहासाचा म्हणून. रानात आपोआप उगवलेली अळंबी खाण्याजोगी आहे की जीव घेणारी आहे, हे माणसाने ओळखले तरी कसे? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या मागे दोन हजार वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात जितके पांडित्य आहे तितकेच मृत्यूही आहेत.

प्रथम आपल्या भाषेकडेच पाहू. ताटात येणाऱ्या या वस्तूला आपण अळंबी किंवा अळिंबी म्हणतो. पूर्व विदर्भात सात्या, टेकोडे अशी नावे ऐकू येतात. गोव्यात ओळमीं म्हणतात. उलट जी खायची नाही तिला सरसकट भूछत्र, नाही तर कुत्र्याची छत्री. म्हणजे भाषेनेच फार पूर्वी दोन कप्पे करून ठेवले आहेत. ज्यांची ओळख पटली त्यांना स्वतःचे नाव मिळाले. ज्यांची पटली नाही ती सगळी कुत्र्याच्या नावावर टाकून दिली. या वाटणीत मोठे शहाणपण आहे, असे आम्हांला वाटते. अनोळखी छत्रीशी वाद घालायचा नाही, तिची परीक्षा पाहायची नाही, तिला सरळ सोडून द्यायचे.

पुष्कळ वर्षांपूर्वी दक्षिण कोकणातल्या एका गावी आम्ही श्रावणात मुक्काम केला होता. शेजारच्या काकींबरोबर आम्ही अळंब्या शोधायला गेलो. पुस्तके वाचून गेलेलो असल्यामुळे आम्ही छत्रीचा रंग, आकार, तिच्यावरचे खवले, असे काय काय निरखीत होतो. काकी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “माथ्याक काय बघतास? मुळाक बघा.” त्यांनी वाकून देठाच्या कडेची माती बोटांनी मोकळी केली, देठ हळूच फिरवून वर घेतला, आणि त्याच्या खाली वीतभर लांबीचे, शेवटी दोऱ्यासारखे निमुळते होत गेलेले एक मूळ आमच्यापुढे धरले. “रोयणीवरची ती आपली, बाकीची कुत्र्याची,” एवढेच त्यांचे शास्त्र. रोयण म्हणजे वारूळ. त्या दिवशी आम्हांला हे वाक्य एखाद्या अडाणी समजुतीसारखे वाटले, हे कबूल केले पाहिजे. युरोपातल्या विद्वानांना याच वाक्यापाशी येऊन पोहोचायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला होता, हे आम्हांला मागाहून कळले.

ती हकीकत सांगण्यापूर्वी माणसाने आधी कोणते मार्ग चोखाळून पाहिले, ते पाहिले पाहिजे. सर्वांत जुना मार्ग म्हणजे एकच कसोटी शोधून काढायची आणि ती जगातल्या सगळ्या अळंब्यांना लावायची. भांड्यात चांदीचे नाणे टाका, ते काळे पडले तर विषारी. किड्यांनी खाल्लेली असेल तर निर्धोक. तांदूळ, लसूण किंवा कांदा यांचा रंग पालटला तर फेकून द्या. चांगली उकळली की विष जाते. या समजुती युरोपात होत्या, आशियात होत्या आणि आपल्याकडेही आहेत. त्यांतली एकही खरी नाही. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. अळंबीतल्या मारक विषाचा चांदीवर काहीच परिणाम होत नाही. जी अळंबी माणसाला मारते ती गोगलगायी सुखाने खातात. आणि सर्वांत भयंकर जे विष आहे ते उकळून, तळून किंवा वाळवून नाहीसे होत नाही.

या विषाची रीत सांगितली पाहिजे, कारण सामान्य कसोट्यांवर लोकांचा विश्वास इतकी शतके का टिकला याचे उत्तर तिच्यात आहे. युरोपातील ‘मृत्युटोपी’ नावाची अळंबी, शास्त्रीय भाषेत अमॅनिटा फॅलॉइडिस, चवीला वाईट नसते. जेवण झाल्यावर सहा तास, बारा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ माणसाला काही होत नाही. मग वांत्या आणि जुलाब सुरू होतात. एक-दोन दिवसांनी ते ओसरतात, घरचे लोक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि नेमक्या त्याच वेळी आत यकृत निकामी होत असते. १९४१ साली हाइनरिख वीलांट आणि त्यांचे सहकारी हालरमायर यांनी यातले अमॅनिटिन नावाचे द्रव्य वेगळे काढले. पेशीमध्ये प्रथिने तयार होण्यासाठी जो निरोप लागतो त्याची नक्कल उतरवणारे यंत्रच हे द्रव्य बंद पाडते, हे त्यानंतर पुष्कळ वर्षांनी उलगडले. विष आणि वेदना यांच्यामध्ये एवढे अंतर असल्यावर माणसाने दोष तरी कशाला द्यावा? चांदीचे नाणे पांढरेच राहिले होते, आणि जेवणही रुचकर झाले होते.

इतिहासात अशा जेवणांची नोंद आहे. रोमचा बादशहा क्लॉडियस इसवी सन ५४ मध्ये मेला, तेव्हा त्याच्या आवडत्या अळंबीच्या ताटातून त्याला विष दिले गेले, असे रोमन इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. त्याहूनही आम्हांला चटका लावते ती १७६७ मधली पॅरिसची गोष्ट. योहान शोबर्ट हा त्या काळचा नामांकित संगीतकार. तो कुटुंबासह शहराबाहेर सहलीला गेला आणि तिथे त्याने अळंब्या गोळा केल्या. त्या शिजवून घेण्यासाठी तो एका खाणावळीत गेला, तेव्हा आचाऱ्याने त्या विषारी असल्याचे सांगून नकार दिला. परंतु बरोबरच्या एका वैद्यमित्राने त्या निर्धोक असल्याचा निर्वाळा दिला. शोबर्टने आचाऱ्याचे ऐकले नाही, वैद्याचे ऐकले. घरी येऊन त्यांनी त्या शिजवल्या. तो स्वतः, त्याची पत्नी, एक सोडून बाकीची मुले आणि तो वैद्यमित्र, सगळे प्राणाला मुकले. आचाऱ्याने वनस्पतिशास्त्र वाचले नसेल. पण त्याच्या हाताखालून त्या मुलखातल्या अळंब्या रोज जात होत्या.

आपल्याकडे प्राचीन ग्रंथकारांनी या प्रश्नाला दोन निरनिराळी उत्तरे दिलेली दिसतात. मनुस्मृतीने लसूण, कांदा यांच्या पंगतीला छत्राक बसवून द्विजांना त्याचा निषेध केला. हे धर्मशास्त्राचे उत्तर. प्रश्नच नको, म्हणजे चूकही नको. वैद्यकाचे उत्तर वेगळे आहे. सुश्रुतसंहितेत भाज्यांच्या वर्गात उद्भिद म्हणून जो गट सांगितला आहे तो छत्राकांचा समजला जातो, आणि त्याचे प्रकार पाडले आहेत ते उगवण्याच्या जागेवरून: पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, वेळूवरची आणि भुईतून येणारी. प्रत्येकीचे गुण वेगळे सांगितले आहेत. भुईतून येणारीची चव मातीप्रमाणे पालटते, इतके बारीक निरीक्षण त्यात आहे. ‘ती दिसते कशी’ यापेक्षा ‘ती आली कुठून’ असे सुश्रुत विचारतो. काकींचा प्रश्नही तोच होता. दोघांमध्ये ग्रंथपरंपरेचे काही नाते होते असे आम्ही म्हणत नाही. पण जे लोक अळंबी प्रत्यक्ष हाताळतात ते सगळे आधी जागेकडे पाहतात, एवढे खरे.

युरोपात पद्धतशीर अभ्यासाला सुरुवात झाली ती १६०१ मध्ये. क्लूसियस या नावाने प्रसिद्ध असलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या वर्षी हंगेरीच्या बाजूला आढळणाऱ्या अळंब्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. केवळ अळंब्यांना वाहिलेला हा पहिला महत्त्वाचा ग्रंथ. त्याने खाण्याजोग्या आणि घातक असे दोन भाग केले, आणि प्रकारांबरोबर हंगेरियन व जर्मन लोकांत चालणारी नावेही नोंदवली. म्हणजे या शास्त्राचा पायाच लोकांच्या ओळखीवर घातला गेला. पुढे १७२९ मध्ये फ्लॉरेन्सच्या मिकेलीने, छत्रीतून गळणाऱ्या धुळीसारख्या कणांतून, म्हणजे बीजुकांतून, नवी बुरशी उगवते हे फळांच्या फोडींवर पेरून दाखवले. अळंबी कुजक्या वस्तूंतून आपोआप उपजते, या समजुतीला त्याने मोठाच धक्का दिला. १८२१ पासून स्वीडनच्या एलियास फ्रीसने छत्र्यांची विभागणी करताना बीजुकांच्या रंगाला मोठे स्थान दिले. छत्री कागदावर उपडी ठेवावी, वर भांडे झाकावे आणि सकाळी कागदावर उमटलेल्या धुळीचा रंग पाहावा. पांढरा, गुलाबी, तपकिरी, जांभळट की काळा? ही सोपी कृती आजही अभ्यासक करतात. टोपीचा रंग पावसाने धुऊन जातो, उन्हाने उडतो; बीजुकांचा रंग सहसा फसवीत नाही.

आता वारुळाकडे वळू. या कथेचा पहिला अंक घडतो तंजावरच्या मुलखात. त्या वेळी तिथल्या गादीवर भोसले घराण्यातले तुळजाराजे होते, आणि किनाऱ्यावरच्या तरंगमबाडी या डॅनिश वसाहतीत योहान गेरहार्ड कोनिग नावाचा वैद्य राहत होता. तो लिनियसचा शिष्य. वाळवीची वारुळे फोडून त्याने आतली रचना पाहिली आणि १७७९ मध्ये तिच्यावर जर्मन भाषेत निबंध प्रसिद्ध केला. वारुळाच्या पोटात मधमाश्यांच्या पोळ्यासारखे, भुसभुशीत असे काही असते आणि त्याच्यावर बुरशी वाढलेली असते, हे त्याने नोंदवले. दोनच वर्षांनी हेन्री स्मेथमन याने पश्चिम आफ्रिकेतल्या वाळवीवर आपला गाजलेला निबंध लंडनला सादर केला. त्यात त्याने कोनिगचा हवाला देऊन, ही बुरशी वाळवीच्या पिल्लांचे खाद्य असावे, हा त्याचा तर्क उद्धृत केला आहे. तर्क पुष्कळसा बरोबर होता. परंतु वारुळाच्या पोटातली ती पांढरी बुरशी आणि पावसात वारुळाच्या डोक्यावर उगवणारी, बाजारात विकली जाणारी अळंबी ही एकच, ही गाठ पक्की बांधली गेली नाही.

दुसरा अंक सिंहलद्वीपात. १८४७ मध्ये रेव्हरंड बर्कले या इंग्रज धर्मोपदेशकाने तिथून आलेल्या वाळक्या नमुन्यांवरून एका अळंबीला शास्त्रीय नाव दिले. त्या काळचा तो बुरशीशास्त्रातला मोठा अधिकारी. नाव होते अ‍ॅगॅरिकस युऱ्हायझस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘चांगल्या मुळाची’. मौज अशी की हजारो मैल दूर इंग्लंडमध्ये बसलेल्या या गृहस्थाचीही नजर शेवटी मुळावरच खिळली. पण ते मूळ खाली कुठे जाऊन पोहोचते, हे वाळका नमुना कसे सांगणार? ज्याने तो उपटला त्याने तो मातीतून तोडून घेतला होता, आणि अर्धी हकीकत मातीतच राहिली होती.

पुढे घोटाळा आणखी वाढला. वारुळातले ते पोळे बाहेर काढून ठेवले की काही दिवसांनी त्याच्यावर काळसर काड्यांसारखी अगदी निराळीच बुरशी उगवते. मग वाळवी पिकवते ती बुरशी नेमकी कोणती? ही काळी की ती छत्री? याचा उलगडा केला थॉमस पेच यांनी. ते सिंहलद्वीपातल्या पेरादेनिया येथील वनस्पतिउद्यानात काम करीत होते. त्यांनी वारुळे खणली, छत्रीचे मूळ खाली खाली शोधीत नेले आणि ते पोळ्यालाच जाऊन मिळते हे दाखवले. काळी बुरशी वाळवीचा राबता तुटल्यावर माजणारी उपरी ठरली. पेच यांचा प्रदीर्घ निबंध १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. कोनिगपासून पेचपर्यंत १२७ वर्षे. काकींच्या पणजीला कोणी विचारले असते तर तिने वारुळाकडे बोट दाखवले असते. अर्थात त्या बोटाच्या खाली काय चालले आहे हे तिलाही सांगता आले नसते. ओळख लोकांकडे होती, कारण शास्त्राने शोधले. दोघांचेही श्रेय मान्य केले पाहिजे.

या अळंब्यांना स्वतंत्र कुळनाम मिळाले ते १९४२ मध्ये. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी त्यांना टर्मिटोमायसिस, म्हणजे ‘वाळवीची बुरशी’, हे नाव दिले. तेव्हा फ्रान्स जर्मनांच्या टाचेखाली होता. हाइम प्रतिकाराच्या चळवळीत होते. १९४३ मध्ये ते पकडले गेले आणि त्यांची रवानगी छळछावणीत झाली. ते जिवंत परतले, पुढे पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचे संचालक झाले. १९७९ मध्ये दक्षिण भारतातल्या एका जातीला नटराजन यांनी त्यांचेच नाव दिले: टर्मिटोमायसिस हाइमी. त्याच सुमारास पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीतील अभ्यासकांनी नैर्ऋत्य भारतातल्या छत्राकांची शास्त्रीय नोंद ग्रंथरूपाने केली, आणि आपल्या सह्याद्रीतल्या अळंब्यांनाही त्या दप्तरात जागा मिळाली.

वारुळाच्या पोटात प्रत्यक्ष काय चालते? कामकरी वाळवी वाळकी पाने, काड्या, लाकूड खाऊन येते आणि जे पचत नाही ते गोळ्यांच्या रूपाने बाहेर टाकून त्याचे पोळे रचते. पोटातून आलेल्या या गोळ्यांत बुरशीची बीजुके मिसळलेली असतात; म्हणजे पेरणी आपोआप होते. बुरशी त्या लाकडातला चिवट भाग फोडते, पोळ्यावर मोहरीएवढे पांढरे कण धरते, आणि वाळवी ते कण व जुने पोळे खाते. आफ्रिकेत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी ही शेती सुरू झाली, असे आजचे अभ्यासक मानतात. माणसाची शेती फार तर दहा-बारा हजार वर्षांची. पावसाळ्यात पोळ्यातून एक कोंब निघतो. त्याच्या माथ्यावर कठीण टोक असते. त्याने माती भेदीत तो वर येतो आणि उजेडात छत्री उघडतो. मागे राहिलेला लांब देठ म्हणजेच ते ‘मूळ’. छत्रीच्या मध्यभागी टोचणारा उंचवटा, खाली सुटे आणि दाट पडदे, कागदावर गुलाबीसर बीजुके आणि मातीत पोळ्यापर्यंत गेलेले निमुळते मूळ, ही या कुळाची लक्षणे. त्यांतली एक लहानखुरी जात मात्र मुळाविना असते. वाळवीने बाहेर आणून टाकलेल्या पोळ्याच्या चुऱ्यावर ती पांढऱ्या फुलांच्या सड्यासारखी उगवते.

आमच्या काकींच्या वाक्यात आणखी एक गुण होता, तो आम्हांला फार उशिरा उमगला. मृत्युटोपीच्या कुळातल्या अनेक घातक छत्र्यांची मुख्य खूणही खालीच असते. देठाच्या बुडाशी अंड्याच्या फुटक्या कवचासारखी एक पिशवी असते, आणि ती बहुधा मातीत गाडलेली असते. जो वरच्या वर छत्री खुडतो त्याच्या हाती देखणा माथा येतो आणि साक्षीदार मातीत राहतो. जो मुळापर्यंत जातो त्याला एक तर वारुळाचे मूळ दिसते, नाही तर ती पिशवी दिसते. ‘मुळाक बघा’ हा सल्ला मिळवून देणारा आहे तसाच वाचवणाराही आहे.

मात्र इथेच एक इशारा दिला पाहिजे. आमचे हे बोलणे ऐकून कोणी वारूळ गाठून अळंब्या तोडायला निघू नये. वारुळाजवळ दुसरीही छत्री उगवू शकते. लांब मुळाची इतर छत्राकेही आहेत. गवतात उगवणारी एक मोठी पांढरी छत्री तर वरून खाण्याजोगी वाटते आणि पोट पार ढवळून काढते. तिची बीजुके हिरवट असतात, पण ती पिकेपर्यंत पडदे पांढरेच दिसतात. चार लक्षणे पाठ करणे म्हणजे ओळख नव्हे. ओळख ही एका जातीची, एका मुलखातली, अनेक पावसाळ्यांची असते. एका मुलखातली खूण दुसऱ्या मुलखात नेली की ती खोटी ठरू शकते, आणि याचे दाखले आपल्याच काळातले आहेत.

डिसेंबर १९८१ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात लाओसहून आलेल्या काही निर्वासितांना अळंबीची बाधा झाली. त्यांनी निष्काळजीपणा केला नव्हता. त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांनी अळंबी तांदळाबरोबर उकळून परीक्षा घेतली होती. तांदूळ तांबडा झाला नाही, म्हणून त्यांनी ती खाल्ली. आग्नेय आशियात भाताच्या पेंढ्यावर उगवणारी एक चविष्ट अळंबी आहे. तिच्याही बुडाशी पिशवी असते. कोवळेपणी ती आणि मृत्युटोपी इतक्या सारख्या दिसतात की त्या देशांतून आलेल्या लोकांची पुढेही वारंवार फसगत झाली. फरक आहे तो बीजुकांच्या रंगाचा: एकीची गुलाबी, दुसरीची पांढरी. जिथे मृत्युटोपी उगवतच नाही तिथे हा फरक शिकण्याचे कारणच पडत नाही. आणि कॅलिफोर्नियातली मृत्युटोपी तरी तिथली कुठे होती? तीही युरोपातून आणलेल्या झाडांच्या मुळांबरोबर समुद्र ओलांडून आलेली. घर सुटलेली माणसे आणि घर सुटलेली अळंबी यांची ती गाठ होती.

आपल्या देशातही असे घडते. एप्रिल २०२२ मध्ये आसामच्या पूर्व भागात विषारी रानअळंबी खाऊन १३ माणसे दगावली. त्यांत चहामळ्यांच्या वस्तीतले लोक बहुसंख्य होते. त्या वस्त्यांतल्या पुष्कळांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूर आणि मध्य भारतातून मजूर म्हणून तिकडे नेले गेले. ज्या सालवनांत अळंबीची जाण पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती ती मागे राहिली. भूक आणि आवड तेवढी बरोबर आली. या दोन गोष्टींचा संबंध आम्ही लावतो तो आमचा तर्क आहे, पण तो अगदीच निराधार नसावा.

पंडितांनीही यातून धडा घ्यावा अशी उदाहरणे आहेत. युरोपातल्या एका मेंदूसारख्या सुरकुतलेल्या अळंबीचे शास्त्रीय नावच मुळी ‘खाण्याजोगी’ असे आहे: जायरोमिट्रा एस्क्युलेंटा. तिच्यातले विष १९६८ मध्ये वेगळे काढले गेले. नाव मात्र तसेच राहिले. युलियस शेफर हे जर्मनीतले नाणावलेले अळंबीतज्ज्ञ. ज्या जातीला त्या काळी शिजवून खाण्यास योग्य समजत, तीच अळंबी खाऊन १९४४ मध्ये त्यांचा अंत झाला. ओळखण्यात त्यांची चूक झाली नव्हती. ती जात त्यांनी बरोबर ओळखली होती. चुकले होते ते तिच्याविषयीचे मत. म्हणून ‘खाण्याजोगी’ हा शब्द आम्ही निसर्गाचा निर्णय समजत नाही. तो माणसांच्या अनुभवाचा निर्णय आहे, आणि अनुभव जितका जुना व जितका जवळचा तितका तो भरवशाचा.

असो. शेवटी मूळ मुद्द्याकडे येऊ. वारुळावरच्या अळंबीची लागवड पेंढ्यावरच्या किंवा खतावरच्या अळंबीप्रमाणे अजून माणसाला सर्रास साधलेली नाही. तिला वाळवी लागते, वारूळ लागते, आणि न खणलेली जमीन लागते. दक्षिण कोकणात आणि गोव्यात सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपात होते. देवीचे वारूळ फोडायला तिथे कोणाचा हात धजत नाही. पण सगळ्याच वारुळांना देवीचे संरक्षण नाही. रस्त्यासाठी, बागेसाठी, घरासाठी जमीन सपाट होते तेव्हा वारूळ पहिले जाते. त्याच्याबरोबर पोळे जाते, आणि त्या जागी दर श्रावणात न चुकता येणारी अळंबी जाते. अळंबी गेली की ती ओळखणारा डोळाही जातो, कारण ही विद्या पुस्तकातून चालत आलेली नाही. ती पावसात भिजत, मोठ्या माणसाच्या मागून चालत आलेली आहे. उद्या जनुकांच्या परीक्षेने आम्ही प्रत्येक छत्रीचे अचूक नाव सांगू शकू. पण ती कोणत्या वारुळावर, कोणत्या पावसानंतर येते, हे सांगणारे कोणी उरले नसेल तर त्या नावाचे करायचे काय?

काकी आज नाहीत. चार वर्षांपूर्वीच्या श्रावणात आम्ही पुन्हा त्या गावी गेलो, तेव्हा त्यांची नात आम्हांला त्याच पायवाटेने घेऊन गेली. आम्ही सवयीने एका छत्रीच्या माथ्याकडे पाहत उभे राहिलो. मुलगी खाली बसली, तिने माती मोकळी केली, मूळ शेवटपर्यंत काढून पाहिले. ते वारुळात जात नव्हते. बुडाशी पिशवी होती. तिने ती छत्री होती तिथेच टाकली, हात गवताला पुसले आणि पुढे चालू लागली.